मागची डावी

गाडी आली तेव्हाच तिरकी होती.
अंबड लिंक रोडवरून गॅरेजच्या उतारावर
मागचा डावा कोपरा जवळजवळ टायरवर टेकलेला,
जसं कुणी फार वेळ एकाच कडेवर मूल घेऊन उभं.

अवधूत बोरस्ते उतरले, पिंपळगावचे.
द्राक्षांची पेटी बॉनेटवर ठेवली,
"लाच नाही हां ताई, उरलेला माल आहे."
मग म्हणाले, हरसूलच्या मागे नदीपात्रात दगड लागला.
तेव्हापासून सरळ उभी राहत नाही.
शोरूमवाले म्हणाले, सगळंच बदला.
आकडा ऐकून मी चहा अर्धा ठेवून निघालो.

हाईट सेन्सर म्हणजे तरी काय,
बोटाएवढा दांडा.
एक टोक चासीला, एक टोक खालच्या आर्मला.
चाक वर गेलं की दांडा वळतो
आणि आतल्या डब्याला कळवतो,
इतके व्होल्ट, म्हणजे इतकी उंची.
डब्याने गाडी कधी पाहिलेली नाही.
दांडा सांगेल ते खरं.

दांडा वाकला होता. ते तर आंधळ्यालाही दिसलं असतं.
द्वारकेमागच्या शकूरभाईंकडून जुना आणला,
बसवला. गाडी उठली.
बोरस्त्यांनी फोटो काढला.
अकरा मिनिटांनी
ती पुन्हा बसली, सावकाश,
न सांगता.

मग डाव्याचा सेन्सर उजवीकडे,
उजव्याचा डावीकडे.
चूक जागची हलली नाही.
म्हणजे सेन्सर सुटला. राहिली वायर.

सोहेलने दांडा सुतळीने जखडून धरला.
मी मीटर लावला.
दोन पूर्णांक चार. दोन पूर्णांक चार.
चार पूर्णांक सात.
दोन पूर्णांक चार.
काहीच हललं नव्हतं. आकडा मात्र उड्या मारत होता.
डब्याला वाटे, हा कोपरा फार चढला,
मग तो हवा सोडे, सोडतच राही.
मधेच आकडा भानावर येई,
आणि पंप धापा टाकत धावे
स्वतःच सोडलेलं भरायला.

मी खाली गेले. बॅटरी दातात.
वायर बोटाने चाचपत, ॲक्सलवरून, टाकीच्या कडेने,
पट्टीच्या एका गाठीशी बोट थांबलं.
आवळलेली. आतलं रबर कापून
तांबं हिरवं पडलेलं.

पट्टीचं टोक लायटरने जाळलेलं होतं.

हाताला ओरखडा येऊ नये म्हणून
टोक जाळते, ती मी.
अख्ख्या अंबडमध्ये दुसरं कुणी जाळत नाही.
दोन वर्षांपूर्वी हीच गाडी
दोन इंच उचलून दिली होती.
गाडी वाढली, वायर वाढवायची राहिली.
चार बोटं ढील. एवढीच.

थोडा वेळ तिथेच पडून राहिले.
वरून बोरस्त्यांचे बूट दिसत होते,
एकाची लेस सुटलेली.

बाहेर येऊन म्हटलं,
दांडा तुमच्या दगडाने वाकवला.
वायर मी मारली.

ते काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "कळलं कसं?"
मी जळकं टोक त्यांच्या हातावर ठेवलं.
त्यांनी ते नखाने उलटसुलट पाहिलं,
द्राक्षाच्या वेलीवर रोग बघावा तसं,
आणि खिशात टाकलं. का, ते विचारलं नाही.

डाग दिला, नळी चढवली, ढील सोडली.
फरशीला मोरीकडे उतार आहे, मला ठाऊक,
म्हणून डाव्या चाकाखाली टाईल सरकवली.
चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत टेप धरला.
पाचशे बारा. पाचशे बारा.
पाचशे दहा. पाचशे बारा.
त्या दोन मिलिमीटरपुढे
सोहेल आणि मी दोघंही थकलो होतो.

बिलावर पहिली ओळ, वायर, आणि पुढे शून्य.
बोरस्ते गरवारे चौकाकडे वळले,
खड्ड्यात चारही चाकं सारखी उतरली,
सारखी वर आली.

मग आम्ही पेटी उघडली.
द्राक्षं आंबट होती.
खरंच उरलेली.